लखनौहून निघालेला कागद

२ सप्टेंबर २०२२, शुक्रवार

उद्या गौरी यायच्या. घरभर मखराची पसरापसर आहे, तरी माझ्या टेबलाला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. नोव्हेंबरात एनसीसीच्या मुलामुलींपुढे बोलायचं कबूल केलंय. बासष्टच्या चीन-युद्धाला साठ वर्षं होतात म्हणून संयोजकांना पराभवाची जखम, वीरांचं बलिदान असं काही हवं होतं. मी विषय बदलून घेतला. मला एका कागदावर बोलायचंय आणि तो लिहिणाऱ्या माणसावर. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. जन्म १९०६, सँडहर्स्टहून १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडलेले. सोलापुरात दहा सुशिक्षितांना विचारलं तर एखाद्यालाच हे नाव माहीत असेल, आणि तोही कोल्हापूरकडचा निघेल.

सुरुवात आजच करायला कारण आहे. २ सप्टेंबर १९५९ रोजी पंडित नेहरू लोकसभेत जनरल थिमय्यांच्या राजीनाम्यावर बोलले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बढत्यांवरून आणि कारभाराच्या रीतीवरून पटेना, म्हणून लष्करप्रमुखांनी ३१ ऑगस्टला राजीनामा दिला होता. नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि मग सभागृहात सगळं प्रकरण किरकोळ ठरवलं. मुलकी सत्ता लष्करापेक्षा वरचढ असते आणि तशीच राहणार, असंही ते म्हणाले. त्यांचं हे म्हणणं मला सोळा आणे मान्य आहे. पण मुलकी सत्ता वरचढ म्हणजे सेनापतीचं म्हणणं ऐकून न घेणारी, असा अर्थ दिल्लीतल्या काही टेबलांवर त्या दिवसापासून लावला गेला. थिमय्या त्यानंतर पावणेदोन वर्षं पदावर राहिले, पण त्यांच्या शब्दाचं वजन गेलेलं होतं.

आणि याच तारखेला चार वर्षांनी, २ सप्टेंबर १९६३ रोजी, तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत उभे राहिले ते नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, पराभवाच्या चौकशीबद्दल सांगायला. या दोन भाषणांच्या मध्ये जे घडलं ते मला मुलांना सांगायचंय.

६ सप्टेंबर, मंगळवार

थोरातांचं ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र पुन्हा वाचायला घेतलंय. १९८६ सालचं पुस्तक. खिळखिळ्या बांधणीची प्रत आहे, पानं सांभाळून उलटावी लागतात.

कांगॉची लढाई मुलांना सांगितलीच पाहिजे. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातला अराकान किनारा, समोर जपानी. ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी आणि तिन्हींवर हिंदी अधिकारी: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. हिंदी माणसाला पलटण सांभाळता येईल का, अशी शंका गोऱ्या अधिकाऱ्यांत उघड बोलली जायची तो काळ. तिघांनीही डीएसओ मिळवलं. पुढे बघावं तर चीनच्या गोष्टीत हेच तिघे पुन्हा भेटतात. १९५७ पासून थिमय्या लष्करप्रमुख आणि थोरात पूर्व विभागाचे सेनापती. १९६१ साली थोरात निवृत्त झाल्यावर लखनौच्या त्याच खुर्चीत सेन आले आणि बासष्टची लढाई त्यांच्या अमलात झाली. एकाच टेकडीवर शेजारी लढलेले तीन दोस्त!

त्याआधी कोरिया. १९५३ साली मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायचं काम भारतावर आलं. थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात सुमारे सहा हजारांच्या आपल्या रक्षक दलाचे प्रमुख. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष री यांनी आपल्या जवानांना तिथल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरनं त्यांना छावणीपर्यंत न्यावं लागलं. कैद्यांनी आपला एक मेजर धरून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. अशोक चक्र, द्वितीय श्रेणी (आजचं कीर्ती चक्र) त्यांना कोरियातल्या या कामगिरीसाठी मिळालं. त्या कैद्यांत हजारो चिनी होते. म्हणजे आपल्या मोठ्या अधिकाऱ्यांपैकी चिनी शिपाई ज्यांनी महिनोन्‌महिने जवळून पाहिला, त्याचा राग, त्याची शिस्त, त्याचा चिवटपणा ज्यांनी अनुभवला, अशा मोजक्यांत थोरात होते. पुढे त्यांना ‘उगाच भीती घालणारा’ ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी चिनी शिपाई पाहिला होता?

१३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सुभेदारसाहेब आले. शेजारच्या गल्लीत राहतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, मूळचे बार्शी तालुक्यातले. व्याख्यानाला नकाशा काढून द्यायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय.

“बाई, आजची तारीख ध्यानात हाय का?” त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

होती. १३ सप्टेंबर १९४८, पहाटे. हैदराबादवर मुख्य चढाई आपल्या सोलापुरातून सुरू झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची पहिली चिलखती डिव्हिजन नळदुर्गच्या वाटेनं सुटली. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेनं उडवायच्या आत हाताशी आला. एक तुकडी तुळजापूरकडे वळली. मग उमरगा, राजेश्वर, जहीराबाद. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली आणि १८ ला त्याचे सेनापती एल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. सरहद्दीपलीकडच्या रझाकारी अत्याचारांतून पळून आलेली किती कुटुंबं त्या वर्षात या शहरानं पोसली, हे जुन्या पेठांतली म्हातारी माणसं अजून सांगतात. पण ज्या रस्त्यानं रोज एसटी आणि उसाच्या गाड्या जातात त्यावरून रणगाडे गेले होते, हे आमच्या शाळेतल्या मुलांना सांगितलं की त्यांना खरं वाटायचं नाही.

चौधरींची पुढची वाट सांगितली तर राजकारण आणि सैन्य यांचं नातं निम्मं कळतं. हैदराबादचे लष्करी गव्हर्नर, मग दक्षिण विभागाचे सेनापती, डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची मोहीम त्यांच्याच विभागाकडे. आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये, नेफात सगळं कोसळल्यावर, लष्करप्रमुख. हैदराबाद आणि गोवा, दोन्ही वेळी सरकारनं नेमकं काय हवं ते ठरवलं, सैन्याला लागेल ते दिलं, जमवाजमवीला वेळ दिला आणि मग हुकूम सोडला. गोव्याच्या वेळी संरक्षणमंत्री मेननच होते. तेव्हा मंत्र्याला सैन्य कळत नव्हतं असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. दारूगोळ्यापासून विमानांपर्यंत देशातच बनवायचा आग्रह मेनन यांनी धरला, आवडीचा रणगाड्यांचा कारखाना त्यांच्या काळातला आहे. एवढी बुद्धी, एवढी उमेद असलेल्या माणसानं आपल्याच सेनापतीचा कागद का अडवला, हा प्रश्न म्हणूनच जास्त टोचतो.

२९ सप्टेंबर, गुरुवार

वर्तमानपत्रात आज पहिल्या पानावर: निवृत्त लेफ्टनंट जनरल अनिल चौहान नवे संरक्षणप्रमुख. जनरल रावत गेल्या ८ डिसेंबरला हेलिकॉप्टर अपघातात गेले, तेव्हापासून ही जागा मोकळी होती. चौहानांनी पूर्व विभाग सांभाळलेला आहे, म्हणजे थोरातांची खुर्ची. जूनमध्ये सरकारनं नियम बदलले आणि बासष्ट वर्षांच्या आतल्या निवृत्त लेफ्टनंट जनरलनाही या पदाची वाट खुली केली. आपले मराठी जनरल मनोज नरवणे एप्रिलच्या शेवटी लष्करप्रमुखपदावरून उतरले, तेव्हा त्यांची बासष्ट वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. ते या नियमातून आपोआप बाहेर पडले.

दुपारी ओळखीच्या दोघांचे फोन आले. मराठी माणसावर पुन्हा अन्याय, हा सूर. मला तो सूर आवडत नाही आणि व्याख्यानात तो डोकावूही द्यायचा नाही. सेनापती कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा हे मोजायला लागलं की सैन्य संपलंच. विचारायचं ते इतकंच, की नियम आधी ठरतो आणि मग माणूस निवडला जातो, की माणूस मनात धरून नियम बेतला जातो. देशाचं सर्वोच्च लष्करी पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामं का राहिलं, याचंही उत्तर नागरिक म्हणून मागायचा आपल्याला हक्क आहे.

८ ऑक्टोबर, शनिवार

उद्या कोजागिरी. तुळजापूरचा रस्ता दोन दिवसांपासून माणसांनी भरलेला आहे. कर्नाटकातून, आंध्रातून चालत आलेले, आपल्या गल्लीतले, ओल्या रस्त्यावरून ‘आई राजा उदो उदो’ करत निघालेले. रात्री दारासमोरून जाणाऱ्यांना चहा द्यायचा म्हणून पोरांनी मोठं पातेलं चढवलंय. माझं डोकं मात्र आजच्या तारखेत अडकलेलं.

८ ऑक्टोबर १९५९. थोरातांनी पूर्व सीमेच्या संरक्षणाबद्दलचा आपला आढावा लखनौहून सैन्याच्या मुख्यालयाला पाठवला.

मागचं थोडं सांगितल्याशिवाय त्या कागदाचं मोल कळत नाही. नेफा तोवर परराष्ट्र खात्याच्या देखरेखीत होता. सीमेवर आसाम रायफल्सची छोटी ठाणी. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूच्या ठाण्यावर चिन्यांनी गोळीबार केला. संसद खवळली आणि नेहरूंनी जाहीर केलं की यापुढे ही सीमा सैन्याकडे. म्हणजे एका रात्रीत भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतचा डोंगर थोरातांच्या अंगावर आला. रस्ते नाहीत, विमानं उतरायला जागा नाही, ठाण्यापर्यंत पोचायला पायी कित्येक दिवस. त्यांनी नाही म्हटलं नाही, कुरकुरही केली नाही. काही आठवड्यांत हिशेब मांडला: धोका कुठून येईल, तो अडवायला किती फौज लागेल, आज आहे किती, आणि ही तूट भरली नाही तर काय होईल.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा कुठल्याही शेतकऱ्याला समजेल असा आहे. नदीच्या अगदी काठावर बांध घातला तर पहिल्या पुरात जातो. सरहद्दीच्या रेषेवरची ठाणी धोक्याची सूचना देण्यापुरती ठेवा. खरी लढाई मागे, जिथे आपला रस्ता पोचतो, रसद पोचते आणि शत्रूची मात्र लांबते, अशा जागी द्या. त्यासाठी फौज वाढवा, रस्ते करा.

थिमय्यांना ते पटलं. त्यांनी कागद संरक्षणमंत्र्यांपुढे नेला. थोरातांनी लिहून ठेवलंय त्याप्रमाणे मेनन यांनी तो बाजूला सारला. चीनशी युद्ध होणार नाही आणि तशी वेळ आलीच तर आपण ते मुत्सद्देगिरीनं निभावू, असं त्यांचं मत. मत चुकलं म्हणून मी त्यांना गुन्हेगार ठरवणार नाही. पाकिस्तान हाच खरा धोका, असं तेव्हा दिल्लीत बहुतेकांना वाटत होतं. पण सीमा ज्याच्यावर सोपवली त्याचा लेखी इशारा पंतप्रधानांच्या टेबलावर न्यायचा की नाही, हे आपल्या मतावरून ठरवायचा अधिकार त्यांना कुणी दिला होता? मत वेगळं असेल तर शेरा मारावा, खाली सही करावी आणि कागद वर पाठवावा. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकूनसुद्धा हे जाणतो.

बाहेर संबळ वाजतोय. चहाचं पातेलं पाहायला जाते.

१० ऑक्टोबर, सोमवार

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस. भैया चौकातल्या त्यांच्या घरच्या स्मारकात जाऊन आले. १९१० साली इथे जन्मलेला मुलगा, १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे देशभर नाव झालं. चिनी पाहुणे अजूनही या घरी येऊन फुलं वाहतात.

चीनबद्दल या शहराला वाटणारी ओढ खरी आहे. सगळ्या देशालाच तेव्हा ती वाटत होती, आणि ते पथक पाठवणाऱ्यांत नेहरू होते. मेनन-नेहरूंना भाबडे म्हणून हसणाऱ्यांनी या घरात एकदा यावं. कोटणीसांनी जीव दिला ती माणसं खोटी नव्हती, ती मैत्रीही खोटी नव्हती. आणि थोरातांच्या कागदात चिनी माणसाबद्दल राग नाही, द्वेष नाही. तिबेटात किती फौज, तिच्यासाठी रस्ते कुठवर आले, एवढंच ते मोजत होते. एखाद्या देशाशी मनापासून मैत्री ठेवावी आणि त्याच्या फौजेची मोजदादही ठेवावी, या दोन गोष्टी एका सरकारला सहज करता येतात. एकीसाठी दुसरी सोडली, तिथे गाडं अडलं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वसुबारस. सकाळी पोलिस मुख्यालयात स्मृतिदिनाची परेड असते, तिच्यातल्या बंदुकांच्या फैरी ऐकल्या. ही परेड दर वर्षी देशभर २१ ऑक्टोबरलाच का होते, हे तिथे उभ्या असलेल्या एका तरुण शिपायाला मागे मी विचारलं होतं. कर्तव्यावर गेलेल्यांसाठी, एवढं त्यानं सांगितलं. मूळ घटना अशी: २१ ऑक्टोबर १९५९, लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ करमसिंग यांच्या पोलिस तुकडीवर चिन्यांनी दबा धरून गोळीबार केला. दहा पोलिस गेले. थोरातांचा कागद निघून तेव्हा पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. लोंगजू पूर्वेला, हॉट स्प्रिंग्ज थेट पश्चिमेला, आणि मध्ये तो कागद. इतकी ढळढळीत साक्ष मिळाल्यावरही तो बाजूला सारलेलाच राहिला.

कागद हलेना तेव्हा थोरातांनी तो माणसांना उभं करून दाखवला. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी युद्धाचा सराव घेतला, नाव ‘लाल किला’. प्रत्यक्ष फौजा हलवायच्या नव्हत्या. नकाशे, तक्ते आणि अधिकारी. आज हाताशी आहे तेवढ्याच बळावर चिनी आले तर पहिल्या दिवशी कुठलं ठाणं पडेल, दुसऱ्या दिवशी कुठलं, किती दिवसांत ते डोंगर उतरतील, हे त्यांनी क्रमानं मांडलं. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी आले आणि घटना बऱ्याचशा त्या क्रमानंच घडल्या. महिना उलटायच्या आत बोमडिला पडलं, तेजपूर रिकामं होऊ लागलं.

सरावापासून हल्ल्यापर्यंत अडीच वर्षं होती. त्या अडीच वर्षांत झालं काय? नोव्हेंबर १९६१ पासून नेमकं उलटं धोरण घेतलं गेलं: ठाणी पुढे, आणखी पुढे सरकवा. नामका चू या ओढ्यासारख्या नदीकाठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांची सातवी ब्रिगेड अशीच पुढे लोटली गेली. उन्हाळी कपडे, मोजक्या गोळ्या, वर चिनी, खाली पाणी. एका सकाळीत ब्रिगेड संपली. २२ ऑक्टोबरला दळवी कैद झाले आणि पुढच्या मे महिन्यात सुटून आले. ‘हिमालयन ब्लंडर’ हे त्यांचं पुस्तक मी विशीत असताना वाचलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आजही ते पुस्तक मी शांतपणे वाचू शकत नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

व्याख्यानाचा अवघड भाग आज लिहिला. १९६१ ची नेमणूक.

आपल्याकडे गोष्ट अशी सांगितली जाते: थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांची शिफारस केली, मेनन यांनी आकसानं थोरातांना डावललं आणि मर्जीतल्या थापरांना बसवलं. शिफारस खरी आहे. मेनन यांचा थोरातांवर रोष होता, हेही खरं. पण जनरल प्राणनाथ थापर सेवेनं थोरातांच्या वरचे होते. ज्येष्ठतेची यादी काढली तर थापरांचं नाव आधी येतं. हे मुलांपासून लपवायचं नाही.

म्हणून मग १९८३ आठवावं. अलिबागला जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य १ ऑगस्ट १९८३ रोजी लष्करप्रमुख झाले. रणगाड्यांच्या लढाईत दोनदा महावीर चक्र मिळवलेला योद्धा; पासष्टला डेक्कन हॉर्स घेऊन असल उत्तरला लढलेला. पण त्यांच्यावर ज्येष्ठ होते उपप्रमुख एस. के. सिन्हा. सरकारनं वैद्यांना निवडलं, सिन्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. त्या वेळी महाराष्ट्रात पेढे वाटले गेले आणि सिन्हांबद्दल हळहळ करणारा मला कुणी भेटला नव्हता. थोरातांच्या वेळी गुणवत्ता हवी आणि वैद्यांच्या वेळीही गुणवत्ताच हवी, असं म्हणायचं असेल तर एकसारखं म्हणावं, मग गुणवत्ता ठरवायची कशी हेही सांगावं. नाहीतर ज्येष्ठता धरावी आणि १९६१ ची तक्रार सोडून द्यावी. वैद्यांना १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. सरकारनं दिलेला हुकूम त्यांनी जून १९८४ मध्ये अमृतसरला पाळला, त्याची किंमत त्यांनी जिवानं मोजली.

माझं मत आता पक्कं झालंय. थोरातांना खुर्ची मिळाली नाही, ही त्यांच्या आयुष्यातली खंत. देशाचं नुकसान झालं ते १९५९ मध्ये, त्यांचा कागद अडला तेव्हा, आणि त्या वेळी ते पदावरच होते. नेमणुकांच्या राजकारणानं दुसरी एक गोष्ट केली, तीही याच जोडीला सांगायची. स्पष्ट बोलणाऱ्याचं काय होतं, ते खालच्या अधिकाऱ्यांनी पाहिलं. थिमय्यांचा राजीनामा त्यांच्याच अंगावर शेकला. माणेकशॉंवर ते वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना निष्ठेची चौकशी बसवली गेली, पुढे ते निर्दोष सुटले. हे पाहिल्यावर बासष्टच्या सप्टेंबरात, ‘साहेब, ही ठाणी टिकणार नाहीत’, असं ठासून सांगायला किती जणांची जीभ रेटली असती?

सुभेदारसाहेबांना हे वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, वरच्याला नको असलेलं खरं सांगायचं शिक्षण कुठल्या सेंटरात मिळत नाही. ज्यानं सांगितलं त्याला वरच्यानं सांभाळलं, तरच दुसरा सांगतो.” हे त्यांच्या शब्दांत व्याख्यानात घालणार आहे.

एक गोष्ट आणखी. सेनापतींनाच सगळं ठरवू द्यावं, असं यातून कुणी काढू नये. हे सोलापूर आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला, गांधीटोपी घातली म्हणून माणसांना फटके बसले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्याजवळून जाताना बंदूकधाऱ्याच्या हाती कारभार गेला की काय होतं, ते या शहराला वेगळं सांगावं लागत नाही. निर्णय लोकांनी निवडलेल्यानंच घ्यावा. पण पुढे ठेवलेलं सगळं वाचून.

२१ नोव्हेंबर, सोमवार

साठ वर्षांपूर्वी याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी केली आणि याच सुमारास यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खात्याचा कारभार हाती घेतला. मेनन गेले होते, थापरांनी राजीनामा दिला होता, चौधरी आले होते. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. धावून त्यांनी काय केलं, हे मात्र थोडेच सांगतात. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी आणि सचिवांशी रोज सकाळी एकत्र बसायची पद्धत त्यांनी पाडली. कुणाचा कागद कुणाच्या कपाटात राहिला, हे रोज समोरासमोर विचारता येईल अशी साधी सोय. नेमणुकांत व्यावसायिक मत ऐकलं. आणि चौकशी लावली: लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमेंद्रसिंह भगत, जे स्वतः व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी.

तो अहवाल आजही सरकारनं खुला केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग परदेशी पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी प्रसिद्ध केला, म्हणून थोडंफार कळलं. सरकारं बदलली, पक्ष बदलले, उत्तर तेच: सुरक्षेला बाधा येईल. साठ वर्षांपूर्वीच्या पायवाटांनी आज कुणाच्या सुरक्षेला बाधा येणार? ज्या घरांतून मुलं गेली आणि परतली नाहीत, त्या घरांना वाचायचा हक्क आहे.

थोरातांचं काय झालं? पराभवानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. थोरातांनी आत्मचरित्रात ती भेट लिहिली आहे. कागद पाहून पंतप्रधानांनी विचारलं, हा मला का दाखवला नाही. थोरातांनी उत्तर दिलं की ते मेननच सांगू शकतील. थिमय्यांबरोबर त्यांनाही राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं गेलं. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, १९९२ मध्ये गेले. स्वतःबद्दल कडवट लिहिलेलं त्यांच्या पुस्तकात मला फारसं आढळलं नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार

उद्या एनसीसी दिन, म्हणून आज व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. सुभेदारसाहेबांचा नकाशा एवढा मोठा झाला होता की दोन कॅडेट शेवटपर्यंत धरून उभे राहिले.

प्रश्न चांगले आले. अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पार्क मैदानावर धावणाऱ्या एका मुलानं विचारलं, “बाई, थोरात लष्करप्रमुख झाले असते तर आपण जिंकलो असतो का?” मी सांगितलं, नाही. मे १९६१ मध्ये ते प्रमुख झाले असते तरी रस्ते दीड वर्षात झाले नसते, आणि त्यांचा पुढचा कागदही त्याच मंत्र्यांच्या टेबलावर गेला असता. जवान असे हकनाक पुढे लोटले गेले नसते, इतकं कदाचित झालं असतं. एका मुलीनं विचारलं, “मग आता असा कागद अडकला तर तो वर कसा जाणार?” याचं उत्तर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपाशी, प्रश्नोत्तराच्या तासापाशी आणि आपण कुणाला निवडून देतो त्यापाशी जातं, असं सांगून मी समितीचं काम कसं चालतं ते समजावलं. तिनं वहीत उतरवून घेतलं आणि आपल्या खासदारांनी संरक्षणावर आजवर कोणते प्रश्न विचारलेत ते शोधणार असं म्हणाली. तिला मी संसदेच्या संकेतस्थळावर ते कसे सापडतात ते दाखवलं.

निघताना वैरागच्या एका शिक्षकांनी गाठलं. त्यांच्या शाळेतून दर वर्षी पाच-सात मुलं सैन्यात जातात, तिथे हेच बोलायला या म्हणाले. डिसेंबरातली तारीख धरली आहे. तिथे नकाशा टांगायला जागा नाही, फळ्यावर काढावा लागेल, तेव्हा सुभेदारसाहेब आधीच्या दिवशी जाऊन नेफातल्या कामेंग आणि लोहितचा भाग काढून ठेवणार आहेत.